तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनमध्ये झोपून कसलं नाचायचं?

मी मेंदूविज्ञान शिकवते आणि कथकही करते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्या एमआरआयच्या बोगद्यात झोपून कसला नाच मोजता?"

शंका रास्त आहे. डोकं दोन-तीन मिलिमीटर हललं तरी चित्र बिघडतं. शिवाय ते यंत्र मेंदूतल्या रक्तातला बदल टिपतं, आणि तो टिपेला पोचायला ५-६ सेकंद लागतात. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांच्या तीनतालाचं अख्खं आवर्तन ४ सेकंदांत संपतं. तिहाई (तीनदा म्हटलेला बोलांचा तुकडा) समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येते, दाद मिळते, यंत्राला अजून पत्ता नसतो! डोक्यावर तारा लावून मेंदूतली वीज मोजणाऱ्या ईईजीला मिलिसेकंदांचा हिशेब जमतो, पण मानेच्या, जबड्याच्या स्नायूंची वीज त्यात मिसळते. चक्करं घेतली की बघायलाच नको.

म्हणून नाचाचा एखादाच धागा वेगळा काढतात. मेंदूसंशोधक स्टीव्हन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी टँगो हा जोडीनं करायचा नाच करणाऱ्या हौशी नर्तकांना पेट स्कॅनरमध्ये (मेंदूचं काम टिपणारं आणखी एक यंत्र) निजवून, तिरप्या फळीवर फक्त पावलं टाकायला लावली. हे संशोधन २००६ मध्ये छापून आलं. संगीताच्या ठेक्यावर पाय पडताना लहान मेंदूचा मधला पट्टा जास्त कामाला लागलेला दिसला. मनाच्या लयीत टाकलेल्या पावलांना तेवढा नाही. याला टँगो म्हणायला माझी जीभ रेटत नाही: जोडीदार नाही, तोल सावरणं नाही. पण पायाचं तालाशी कुठे जुळतं, ते सापडलं.

माझा आवडता प्रयोग मात्र नुसत्या पाहण्याचा आहे. मेंदूसंशोधक बिआट्रिझ काल्वो-मेरिनो यांनी बॅले नर्तक-नर्तकींना नाचाच्या चित्रफिती दाखवल्या. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त बायका. एकत्र तालमीमुळे दोघांनी दोन्ही प्रकार हजारदा पाहिलेले. तरीही हालचालींची आखणी करणारे मेंदूचे भाग जास्त जागे झाले ते स्वतः करत असलेल्या हालचाली बघताना. म्हणजे डोळ्यांची ओळख वेगळी, अंगात मुरलेली वेगळी. आमच्या कथकच्या बाई "बघून येत नाही, उभी राहा" म्हणायच्या, त्या काही उगाच नाही.

मला स्वतःला पढंत, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणणं, तपासायची आहे. मोठ्याने बोल म्हटले तर जबडा हलतो, पण मनातल्या मनात तिहाई म्हणून समेवर यायला बोगद्यात काहीच अडचण नाही.