बाल्बोआ: लाटांपेक्षा पायांचा आवाज मोठा होता ते गाव

बाल्बोआ पेनिन्सुला म्हणजे कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचच्या बंदरापुढे आडवी पसरलेली वाळूची लांबट पट्टी. एका अंगाला उघडा पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला होड्यांनी भरलेली संथ खाडी, आणि मधे इतक्या थोड्या गल्ल्या की एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे रमतगमत गेलं तरी घाम येत नाही. भाची अर्व्हाइनला राहते. तिच्याकडून गाडीने इथवर यायला फार वेळ लागत नाही. तो सगळा पार्किंग शोधण्यात जातो.

"मावशी, लोक इथे समुद्र बघायला येतात आणि तू जळून गेलेला हॉल बघायला आलीस," गाडी लावता लावता ती म्हणाली.

आले होते खरी. कॉलेजात असताना थोरल्या भावाकडे व्हेंचर्स या अमेरिकन बँडची एक कॅसेट होती. तेव्हापासून गाण्याशिवायच्या, नुसत्या गिटारच्या त्या ठसकेबाज सुरावटींनी मला धरून ठेवलंय. याच संगीताला सर्फ म्युझिक म्हणतात, आणि सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणं. त्यामुळे लाटा, फळ्या, बिकिन्या असं चित्र कव्हरवर असायचं आणि मीही ते मान्य करून टाकलं होतं. पुढे वाचत गेले तसं वाटायला लागलं की हे संगीत समुद्रावर कमी आणि नाचाच्या फ्लोअरवर जास्त घडलंय. तो फ्लोअर जिथे होता ती जागा बघायची होती.

ओशन फ्रंटच्या फरसबंद वाटेने चालत गेलो. डाव्या हाताला घरं, उजव्या हाताला वाळू. वॉशिंग्टन आणि पाम स्ट्रीटच्या मधे आता अपार्टमेंटची इमारत आहे. बाहेर एक स्मृतिफलक सोडला तर इथे काही होतं याची खूण नाही. सायकलवाले फलकाकडे ढुंकूनही न बघता जात होते. इथे रॉन्देव्हू बॉलरूम होता. 1928 साली उघडला, 1935 मध्ये जळाला, काही महिन्यांत पुन्हा उभा राहिला आणि 1966 मध्ये परत जळाला तो कायमचाच. एका वेळी पंधराशे जोडपी नाचतील एवढा हॉल, आणि तोही अशा चिंचोळ्या पट्टीवर! माणसं यायची कुठून, तर लॉस एंजेलिसहून. पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीच्या लाल गाड्यांचे रूळ 1906 मध्येच बाल्बोआपर्यंत आले होते. त्याच वर्षी खाडीच्या काठावर बाल्बोआ पॅव्हिलियन बांधला गेला. तो अजून आहे, डोक्यावरच्या छोट्या घुमटीसकट. तेव्हा हे गाव वसलं तेच मुळी सुट्टी घालवायला आणि नाचायला.

गावाच्या नावाचा एक नाचही आहे. बाल्बोआ हा स्विंगचा, म्हणजे जॅझच्या तालावरच्या जोडीच्या नाचाचा, एक प्रकार, 1920 आणि 30 च्या दशकांत याच परिसरात रुजलेला. जोडीदार छातीला छाती लावून उभे राहतात, पावलं जमिनीलगत बारीक बारीक सरकवतात. लाथ नाही, गिरकी नाही. खच्चून भरलेल्या हॉलमध्ये हातपाय पसरायला जागाच नसेल तर दुसरं काय करणार? 1941 च्या उन्हाळ्यात स्टॅन केंटनचा ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा नावारूपाला आला तोही इथेच. मग युद्ध संपलं, मोठे बँड परवडेनासे झाले, आणि पन्नासच्या दशकाच्या अखेरीस हॉल ओस पडायला लागला.

या रिकाम्या हॉलमध्ये 1961 च्या उन्हाळ्यात गिटारवाला डिक डेल आला.

त्याचं खरं नाव रिचर्ड मन्सूर. वडील लेबनीज वंशाचे, आईचं घराणं पूर्व युरोपातलं, जन्म 1937 चा, बॉस्टनचा. काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचे, त्यांच्याकडूनच तो दरबुका हा तालवाद्याचा प्रकार लहानपणी शिकला. 1954 मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियात आलं आणि पोरगा सर्फिंगच्या नादी लागला. डावखुरा असल्यामुळे उजव्या हाताची गिटार सरळ उलटी धरायचा, तारा न बदलता. म्हणजे जाड तारा खाली, बारीक वर. आणि तारा कसल्या, इतक्या जाड की साध्या वादकाची बोटं सोलून निघावीत.

हॉल वापरायला परवानगी मागितली तेव्हा नगरपालिकेने अट घातली की मुलांनी टाय लावून यायचं. डेल मुलाखतींमध्ये हा किस्सा रंगवून सांगायचा: पहिल्या रात्री सतरा सर्फर मित्र आले, अनवाणी, आणि दारात त्यांच्या गळ्यात टाय बांधले गेले. आकडे त्याचे स्वतःचे आहेत आणि त्याला गोष्ट फुगवायची हौस होती, हे लक्षात ठेवून ऐकायचं. पण त्यानंतर थोड्याच काळात हजारोंची गर्दी व्हायला लागली, हे सांगणारे बाकीचेही आहेत.

ही गर्दी नाचायची तो नाच म्हणजे सर्फर स्टॉम्प. त्यात शिकण्यासारखं फारसं काही नाही. एक पाय दोनदा आपटायचा, मग दुसरा दोनदा, अंग किंचित पुढे झुकलेलं. जोडीदार असला तर असला. पायात बऱ्याचदा हुआराचे असायचे, मेक्सिकन चामडी वहाणा, ज्यांना टायरचे तळवे लावलेले असत. ते दोन-तीन हजार जोड एकदम लाकडावर आदळले की काय होत असेल? चिपळूणच्या आजोळी गणपतीत जाखडी बघत मी मोठी झाले. एका पायात चाळ बांधून गडी फेर धरतात आणि मृदंगाच्या थापेवर पाय आपटतात तेव्हा अंगणाच्या कडेला बसलेल्यांच्या पोटात धडधडतं. इथे अंगणाऐवजी पोकळ लाकडी तक्तपोशी होती. ज्या फ्लोअरवर आदल्या पिढीने पावलं उचललीसुद्धा नव्हती, त्याच फ्लोअरवर ही पोरं घाव घालत होती.

आता अशा गर्दीपुढे गिटार ऐकू जाणार कशी?

दुसऱ्या दिवशी आम्ही फुलर्टनला गेलो. तिथल्या छोट्या संग्रहालयात गिटारी आणि अँप्लिफायर बनवणाऱ्या लिओ फेंडरसाठी वेगळं दालन आहे. या माणसाने 1938 मध्ये गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं, 1954 मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. काचेमागे गिटारी आणि अँप्लिफायर मांडलेले. भाचीला त्यात रस नव्हता, ती पाच मिनिटांत बाहेर कॉफीला गेली. मी मात्र रेंगाळत राहिले, कारण माझ्या लेखी सर्फ म्युझिकचा अर्धा इतिहास या खोक्यांमध्ये आहे.

झालं असं की डेल फेंडरचे अँप्लिफायर एकामागून एक जाळत सुटला. लिओ फेंडर आपल्या कारखान्यात आवाज तपासायचे तेव्हा सगळं ठीक असायचं. शेवटी ते आणि त्यांचे सहकारी फ्रेडी टव्हारेस रॉन्देव्हूला येऊन गर्दीत उभे राहिले आणि तेव्हा त्यांना उलगडलं. भरलेल्या हॉलमध्ये माणसांची अंगंच आवाज पिऊन टाकतात, विशेषतः खर्ज. रिकाम्या खोलीतला मोठा आवाज हजारो नाचणाऱ्यांपुढे पुचाट ठरतो. मग जास्त ताकदीचा ट्रान्सफॉर्मर आला, जेबीएलचा पंधरा इंची स्पीकर आला आणि फेंडरचा शोमन अँप तयार झाला. पुढे सगळ्या रॉकवाल्यांनी जो प्रचंड आवाज वापरला त्याची एक मोठी पायरी ही. ती चढायला लावली पाय आपटणाऱ्या पोरांनी.

टव्हारेस मूळचे हवाईतल्या माउई बेटावरचे, स्टील गिटारचे उत्तम वादक. लूनी ट्यून्स कार्टूनच्या सुरुवातीला तो घसरत जाणारा सूर ऐकू येतो ना, तो त्यांचा म्हणतात. सर्फिंग हवाईतून कॅलिफोर्नियात आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. स्ट्रॅटोकास्टरच्या आराखड्यातही एका हवाईयन माणसाचा हात होता, हे कुणी सांगत नाही.

सर्फ म्युझिकचा तो 'ओला' आवाज, विहिरीतून आल्यासारखा, तो स्प्रिंग रिव्हर्बचा. पेटीत स्प्रिंगा बसवलेल्या असतात, सूर त्यांतून धावतो आणि थरथरत बाहेर पडतो. पण 1961 मधली डेलची 'लेट्स गो ट्रिपिन', जिला पहिली सर्फ इन्स्ट्रुमेंटल मानतात, ती कोरडी ठणठणीत आहे. सॅक्सोफोन, ढोल, साधी नाचाची चाल. रिव्हर्बची पेटी नंतर आली, आणि डेलला ती हवी होती गाण्यातल्या गळ्यासाठी. समुद्राचा ओलावा मागाहून शिंपडला गेला म्हणा ना. डेल स्वतः म्हणायचा की लाटेवर असताना जे वाटतं तेच मी तारांवर काढतो. त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवायचं मला कारण नाही. पण छेडणाऱ्या डाव्या हाताचा ताल त्याने जीन क्रुपा या स्विंगच्या ढोलवादकाकडून उचलला, हेही तोच सांगायचा, आणि क्रुपा मुळात नाचणाऱ्यांसाठी वाजवायचा.

'मिसर्लू'ची गोष्ट तर आणखी मजेची. पूर्व भूमध्य समुद्राकाठची ही जुनी धून, 1927 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका ग्रीक गायकाने तिची तबकडी काढली. 1945 मध्ये पिट्सबर्गच्या डुकेन विद्यापीठात एक ग्रीक-अमेरिकन विद्यार्थिनी मैत्रिणींना क्रीटचा सिर्तोस नाच शिकवत होती. हव्या त्या चालीचं संगीत मिळेना म्हणून 'मिसर्लू' घेतली. धून संथ, म्हणून पावलंही संथ झाली. हात धरून फेर, पाय जमिनीवर लांब गोल रेघ ओढतोय. हाच नाच पुढे अमेरिकेतल्या लोकनृत्याच्या वर्गांतून सगळीकडे पसरला. इकडे डिक डेलने हीच धून काकांच्या ऊदवर ऐकलेली होती. एका लहान मुलाने त्याला विचारलं, एकाच तारेवर काही वाजवून दाखवशील का? त्याला ती आठवली, पण काकांच्या लयीत वाजवली तर स्टॉम्पवाले झोपतील! म्हणून त्याने ती भन्नाट वेगाने, ऊदसारख्या दुहेरी छेडीने वाजवली. 1962 ची ती तबकडी 1994 मध्ये 'पल्प फिक्शन'च्या सुरुवातीला वाजली आणि जगभर गेली.

नाचापायी धून बदलल्याची उदाहरणं त्याआधीही आहेत. व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला एका कार्यक्रमात लिंक रे या गिटारवाल्याला फर्माईश झाली, स्ट्रोल वाजवा. स्ट्रोल म्हणजे मुलामुलींच्या समोरासमोर दोन रांगा आणि मधून ऐटीत जाणारी जोडी. त्याला ती धून येत नव्हती. त्याने जागच्या जागी संथ, गुरगुरती काहीतरी रचली. 1958 ची 'रंबल' ती हीच. सर्फवाल्यांनी तिच्यातला दरारा उचलला, लय दुप्पट केली.

1963 पर्यंत ही लाट सगळ्या देशात गेली. सांता आनाच्या शाळकरी पोरांच्या शँटेजची 'पाइपलाइन' देशभरच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर, ग्लेंडोराच्या सर्फारीजची 'वाइप आउट' दुसऱ्या. 'वाइप आउट'मधला तो सुप्रसिद्ध ढोल म्हणजे शाळेच्या बँडपथकाची कवायतीची चाल, पळवलेली. सिडनीला अटलांटिक्सनी 'बॉम्बोरा' काढली, तिथेही पोरं स्टॉम्प करायला लागली. 1964 च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत उतरले आणि खेळ आटोपला.

त्या शनिवारी रात्री लाँग बीचच्या एका बारमध्ये सर्फ बँड होता. चौघं वादक, बहुतेक माझ्याच वयाचे, फुलाफुलांचे शर्ट. मध्यंतरात गिटारवाल्याशी बोलायला गेले. मी भारतातली म्हटल्यावर त्याने लगेच गिटारवर 'जान पहचान हो'ची सुरुवात वाजवली! 'गुमनाम' 1965 चा, शंकर-जयकिशनचं संगीत, रफीचा आवाज. 2001 च्या 'घोस्ट वर्ल्ड' चित्रपटाच्या सुरुवातीला ते गाणं आहे, त्यामुळे इकडच्या गिटारवाल्यांना ते तोंडपाठ. "ती नाचणारी बाई कोण?" त्याने विचारलं. लक्ष्मी छाया, मी सांगितलं, आणि नाच बसवणारे हर्मन बेंजामिन. त्याने गाण्याच्या यादीच्या कागदामागे दोन्ही नावं लिहून घेतली. आमच्या मुंबईच्या स्टुडिओतही तेव्हा ही गिटार पोचली होती आणि पोचताक्षणी नाचाला जुंपली गेली होती, हे मला फार आवडलं.

दुसऱ्या सत्रात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई उठल्या आणि एकट्याच स्टॉम्प करायला लागल्या. बघता बघता सात-आठ जण झाले. भाचीने मला ओढलं. "मावशी, दोनदा हा, दोनदा तो!" जमलं की. फरशी सिमेंटची होती, त्यामुळे आवाज काही होईना.

कुणाला जायचं असेल तर: बाल्बोआला सकाळी लवकर पोचा, दहानंतर गाडीला जागा मिळणं कठीण. पॅव्हिलियनजवळून बाल्बोआ आयलंडला तराफा सुटतो, एका खेपेला तीनच गाड्या मावतात, पण पायी जाणाऱ्याला रांग नाही. पलीकडे चॉकलेटमध्ये बुडवलेलं गोठवलेलं केळं मिळतं, ते एकदा खाऊन बघण्यापुरतं ठीक. फुलर्टनचं संग्रहालय लहान आहे. किती वाजता उघडतं ते आधी बघून निघा. आणि गाडीत आधी कोरडी 'लेट्स गो ट्रिपिन' लावा, 'मिसर्लू' त्यानंतर.