काजूच्या कारखान्यात मी केलेली तक्रार

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात मी सोलाईला बसते. मजुरी किलोवर. अख्खा गर वेगळा, तुकडा-पाकळी वेगळी. माझ्या ट्रेमध्ये कुणी तुकडा मिसळला की पैसे कापले जातात.

नवऱ्याला सोडून माहेरी आलेली बाई म्हणून वजनकाट्यावरचे दोघे मला घाणेरडं बोलायचे. मी उलट बोलले आणि तेव्हापासून माझा ट्रे बिघडायला लागला. जेवायला जवळ बसणाऱ्या बायकाही हळूहळू लांब सरकल्या. शेजारची काकी म्हणाली, "गप रव गो, पोराक वाढवचा हा तुका." मुकादम म्हणाला, मस्करी करतात, मनावर घेऊ नको.

मी मुलाच्या जुन्या वहीत लिहायला लागले. तारीख, वेळ, कोण ऐकत होतं, आणि ते जे बोलले ते शब्द जसेच्या तसे. लिहिताना किळस यायची. तरी 'वाईट बोलले' असं मोघम लिहिलं नाही, आणि चौकशीत तेच कामी आलं.

मग ओरोसला जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात गेले. तिथल्या मॅडमनी नीट समजावलं. कामाच्या ठिकाणी नुसतं बोलणं टाकणं, टोमणे मारणं यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण लैंगिक बोलणं आणि त्यापायी कामात केलेले अडथळे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात येतात. 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकाने अशा तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती नेमायलाच हवी, नाहीतर 50,000 रुपयांपर्यंत दंड. माणसं कमी असतील किंवा तक्रार मालकावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. अर्ज शेवटच्या प्रकारापासून 3 महिन्यांच्या आत द्यायचा.

आमच्याकडे समिती नव्हतीच. दंडाचं कळल्यावर मालकाने ती नेमली. मी अर्जाच्या 6 प्रती दिल्या, साक्षीदारांची नावं दिली, आणि चौकशी होईपर्यंत त्या दोघांना काट्यावरून हलवा असंही लेखी मागितलं. ते मान्य झालं.

मालकाचा माणूस घरी आला, पैसे घे आणि मिटव म्हणाला. आईला ते पटत होतं, तिची भीती मला कळत होती. पण समझोता बाईने स्वतः मागितला तरच होतो आणि तो पैशांवर करता येत नाही, हे मला मॅडमनी सांगितलेलं होतं. मी त्याला दारातूनच परत पाठवलं.

साक्षीला कोण येईल याची मला खात्री नव्हती. आली ती काकीच. समितीपुढे तिने तेच शब्द सांगितले, जे माझ्या वहीत होते. तिला तीन मुली आहेत आणि कारखान्याशिवाय दुसरी कमाई नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

90 दिवसांच्या मुदतीत चौकशी संपली. एकाला काढलं, दुसऱ्याने लेखी माफी मागितली, त्याला गोदामात टाकलं. आता काट्यावर प्रत्येकीला वजनाची चिठ्ठी मिळते. काही बायका अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण चिठ्ठी त्याही मागून घेतात.