लग्नासाठी किल्ट घेतला

धाकट्या भावाचं लग्न स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या मुलीशी ठरलं आणि तिच्या बाबांनी मला प्रेमाने बजावलं, किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा, घागऱ्यासारखा पोशाख) भाड्याचा नको, शिवूनच घे.

एडिंबराच्या रॉयल माइल रस्त्यावरच्या दुकानांत टांगलेले स्वस्त किल्ट बरेचदा अ‍ॅक्रिलिकचे असतात. खरा किल्ट लोकरीचा, साधारण आठ यार्ड कापडाचा, हाताने शिवलेला. यार्डाला १३ औंस वजनाचं कापड हलकं पडतं; मी १६ औंसांचं घेतलं. जड कापडाच्या चुण्या टिकतात आणि चालताना घेर काय डौलात हलतो! दुकानातल्या बाईंनी माप पँटच्या कमरेवर नाही, बेंबीच्या उंचीवर घेतलं. खालची कड गुडघ्याच्या मध्यावर. मागच्या चुण्या अशा बसवल्या की टार्टनची, म्हणजे रंगीत चौकड्यांची, नक्षी अखंड दिसते. या कसबासाठी मी आनंदाने पैसे मोजले.

टार्टन ब्लॅक वॉच, गडद निळ्या-हिरव्या चौकड्यांचं. त्यासाठी कुठल्या स्कॉटिश कुळाचं असावं लागत नाही.

स्पोरन (किल्टच्या पुढे लटकवायची थैली) साध्या चामड्याचा घेतला, सीलच्या कातडीचा मला नकोच होता. किल्टची पिन पुढे एकावर एक येणाऱ्या दोन पदरांपैकी फक्त वरच्या पदराला लावायची; दोन्ही पदर एकत्र टोचले तर कापड ओढलं जाऊन फाटतं. आणि मोज्यात खोवायचा छोटा सुरा, स्कीअन डू, विमानात हातातल्या सामानात अजिबात ठेवू नका.