झिजलेल्या चकतीतल्या पेशी काय करत असतात

कमरेचा एमआरआय पाहून डॉक्टरांनी मला ‘चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या चकतीची झीज झाली आहे’ असे सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षांच्या वापराने मध्ये खोलगट झालेली दगडी पायरी उभी राहिली. त्यानंतर वर्षभर या विषयावर जमेल तितके वाचल्यावर मला वाटू लागले आहे की ‘झीज’ हा शब्द अर्धेच सांगतो. पायरीचा दगड स्वतः काहीच करत नाही. चकतीतल्या पेशी मात्र सतत काम करत असतात आणि चकती खिळखिळी होण्यात त्यांच्या बदललेल्या कामाचा मोठा वाटा असतो.

चकतीच्या मध्यभागी जेलीसारखा गाभा असतो आणि त्याभोवती तंतूंची घट्ट कडी असतात. गाभ्यातील अ‍ॅग्रिकॅन या प्रचंड रेणूवर ऋणभार असलेल्या साखळ्या असतात; त्या पाणी ओढून धरतात आणि त्या पाण्याच्या दाबावरच चकती शरीराचा भार पेलते. या सगळ्याची देखभाल करणाऱ्या पेशी चकतीच्या आकारमानाच्या जेमतेम एक टक्का असतात. गाभ्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे त्यांना ऑक्सिजन आणि ग्लुकोज मुख्यतः मणक्यालगतच्या पातळ कूर्चेतून झिरपून मिळते. एरवी ऑक्सिजनची टंचाई झाल्यावरच सक्रिय होणारे एचआयएफ-१ हे प्रथिन या पेशींमध्ये म्हणूनच कायम सक्रिय असते.

जनुके सर्व पेशींत जवळजवळ सारखीच असतात. फरक पडतो तो त्यांपैकी कोणती वाचली जातात यामुळे. निरोगी गाभ्यात सॉक्स-९ हे नियंत्रक प्रथिन अ‍ॅग्रिकॅन आणि दुसऱ्या प्रकारचे कोलॅजन (तंतू बनवणारे प्रथिन) यांची जनुके चालू ठेवते. ऱ्हास सुरू झालेल्या चकतीत सॉक्स-९ कमी होते आणि चकतीच्या स्वतःच्याच पेशी इंटरल्यूकिन-१ व टीएनएफ हे दाहकारक संदेश तयार करू लागतात. या संदेशांमुळे एमएमपी-३, एमएमपी-१३, अ‍ॅडम्टीएस-४ आणि अ‍ॅडम्टीएस-५ या विकरांच्या जनुकांचे वाचन वाढते, आणि ही विकरे कोलॅजन व अ‍ॅग्रिकॅन यांचे तुकडे पाडतात. अ‍ॅग्रिकॅन घटले की पाणी टिकत नाही, गाभ्यातला दाब उतरतो, भार कड्यांवर सरकतो आणि त्या बदललेल्या ताणाने पेशी आणखी बिघडतात. एमआरआयमध्ये मला दाखवलेली ती काळी पडलेली चकती म्हणजे या फेऱ्यात पाणी गमावलेली चकती होती.

वेदनेचाही याच्याशी संबंध आहे. निरोगी चकतीचा आतला भाग मज्जातंतूविरहित असतो, कारण अ‍ॅग्रिकॅन मज्जातंतूंच्या वाढीला अटकाव करते. ते कमी होत असतानाच पेशी मज्जातंतूंची वाढ घडवणारे घटकही बनवू लागतात, म्हणजे अडसर दूर होतो आणि बोलावणेही जाते. तरीही चित्रातली झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचे गणित सरळ नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात पाठदुखी नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चित्रांत चकतीचा ऱ्हास आढळला होता.

ही जनुकीय हालचाल मोजण्यातली अडचण मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. रोगग्रस्त चकतीचे नमुने शस्त्रक्रियेतून मिळतात, पण निरोगी चकती कोणी काढून देत नाही. त्यामुळे तुलनेसाठी अपघातग्रस्तांच्या, पाठीचा कणा वाकडा असलेल्या तरुण रुग्णांच्या किंवा मृतदेहांच्या चकत्या वापराव्या लागतात, आणि दिसलेला फरक आजाराचा की वयाचा, हे ठरवणे कठीण होते. पेशी इतक्या थोड्या असतात की आरएनए, म्हणजे वाचल्या गेलेल्या जनुकांची नक्कल, अपुरा पडतो, आणि नमुन्यात गाभा व कडी मिसळली तर मिळणारी सरासरी कोणत्याच पेशीचे खरे चित्र नसते. एकेका पेशीचा आरएनए वाचण्याची पद्धत म्हणूनच मला मोलाची वाटते. शिवाय आरएनए सांगतो ते आजचे काम, तर चकतीतले कोलॅजन कित्येक दशके टिकते. म्हणजे आपण आजच्या पेशींना प्रश्न विचारतो आणि समोरचा ऊतक मात्र जुन्या काळात घडलेला असतो.

कारण आणि परिणाम वेगळे करण्यासाठी वारशाकडे वळावे लागते. १९९९ मधील जुळ्यांच्या एका अभ्यासात कमरेच्या चकत्यांच्या ऱ्हासातील सुमारे ७४ टक्के तफावत आनुवंशिक असल्याचा अंदाज निघाला. मात्र तो समूहाविषयीचा अंदाज आहे. माझ्या चकतीचा इतका भाग आईवडिलांकडून आला, असा त्याचा अर्थ होत नाही.

याहून थेट पुरावा कुत्र्यांकडून मिळाला. डॅक्सहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींमध्ये एफजीएफ-४ या जनुकाची एक जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर असते, आणि तिचा चकतीच्या लवकर होणाऱ्या ऱ्हासाशी संबंध असल्याचे २०१७ मध्ये दाखवले गेले. या जातींमध्ये गाभ्यातील नोटोकॉर्ड पेशी, म्हणजे भ्रूणावस्थेतल्या मूळ कण्याच्या पेशी, लहान वयातच नाहीशा होतात. माणसातही त्या साधारण दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ संपतात. उंदीर आणि सशांमध्ये मात्र त्या मोठ्या वयापर्यंत टिकतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर यशस्वी ठरलेला उपचार माणसाला तसाच लागू पडेल असे धरता येत नाही. मूलपेशींमध्ये ब्रॅक्युरी हे जनुक चालू करून नोटोकॉर्डसारख्या पेशी प्रयोगशाळेत घडवण्याचे काम सध्या चालू आहे, आणि या विषयावरचे नवे लेखन समोर आले की मी सर्वांत आधी तेच शोधतो.