जुन्या मोटारीचे पॉवर ब्रेक : बूस्टर उघडण्याआधी

जुन्या मोटारीचे ब्रेक पेडल एकाएकी कडक झाले की पहिला संशय पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरवर जातो आणि तो उतरवण्याची घाई सुरू होते. माझ्या मते ही घाई टाळावी, कारण दोष पुष्कळदा बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम (हवा ओढून केलेली पोकळी) पोहोचवणाऱ्या होजमध्ये किंवा होजच्या तोंडाशी बसवलेल्या नॉनरिटर्न व्हॉल्व्हमध्ये (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेत) असतो, आणि हे दोन्ही भाग बूस्टरच्या मानाने सहज बदलता येतात.

बूस्टर म्हणजे रबरी डायफ्रामने दोन कप्प्यांत विभागलेला पत्र्याचा गोल डबा. बहुतेक रचनांत पेडल मोकळे असताना दोन्ही कप्प्यांत इन्टेक मॅनिफोल्डकडून (इंजिन ज्यातून हवा ओढते त्या नळीकडून) आलेला व्हॅक्यूम असतो (डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा पंप लागतो); पेडल दाबले की मागच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते आणि दाबातला फरक डायफ्रामला पुढे ढकलतो. डायफ्रामचा व्यास २० सेंटीमीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटीमीटर भरते, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ०.६ किलोचा फरक मिळाला तरी १८८ किलोंच्या आसपास जोर पायाच्या मदतीला येतो. हा जोर गेला तरी ब्रेक लागतात, पण पेडलवर जवळजवळ उभेच राहावे लागते.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग त्यावर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे; पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करत आहे. ते जागचे हलले नाही, तर आधी होज काढून त्याच्या तोंडाशी व्हॅक्यूम गेजने मोजणी करावी. पेडल दाबून धरल्यावर सतत सूं सूं आवाज येत असेल आणि इंजिनची चालही बिघडत असेल, तर मात्र डायफ्राम फाटला असण्याची शक्यता मोठी. ब्रेक ऑइल कमी होत आहे, पण गळती कुठेच दिसत नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, अशी तक्रार असेल तर मास्टर सिलिंडरचे (बूस्टरच्या पुढे बसवलेल्या, ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या सिलिंडरचे) मागचे सील तपासावे, कारण तिथून झिरपलेले ऑइल बूस्टरमध्ये उतरून इंजिनात ओढले जाते. अशा वेळी सील न बदलता नुसता बूस्टर बदलला, तर नव्याचीही तीच गत होते.

बूस्टर उघडावाच लागला, तर आतली स्प्रिंग जोरदार असते हे लक्षात ठेवून दोन्ही अर्ध्या भागांवर आधी खुणा कराव्यात आणि ते योग्य पकडीतच फिरवावेत. कडा दुमडून कायम बंद केलेला बूस्टर घरी उघडण्याच्या फंदात पडू नये. रबराला खनिज तेल किंवा साधे ग्रीस लावू नये, कारण त्याने ते फुगते. दुरुस्तीच्या किटसोबत सांगितलेले सिलिकॉन ग्रीसच वापरावे.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते पुशरॉडच्या, म्हणजे बूस्टरचा जोर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, लांबीकडे, आणि नेमके तेच मोजायचे राहून जाते. पुशरॉडच्या टोकावर प्लॅस्टिसिनची लहानशी गोळी चिकटवावी, मास्टर सिलिंडर जागेवर कसून पुन्हा काढावा, आणि गोळी किती चेपली ते पाहावे. उरलेला थर म्हणजे मधली मोकळी जागा. ती किती हवी, हे त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पाहावे. जागा जास्त राहिली तर पेडल खोल जाते. ती अजिबात उरली नाही तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत जाण्याचे छिद्र झाकलेलेच राहते आणि थोडे अंतर चालवल्यावर ब्रेक आपोआप धरू लागतात.

म्हणून पहिली चाचणी मोकळ्या जागी, कमी वेगाने घ्यावी. चाके तापून गाडी जड चालू लागली, तर ती सपाटीवर उभी करून चाकांना उटी लावावी आणि मास्टर सिलिंडरचे नट थोडे सैल करावेत; तेवढ्याने ब्रेक सुटले तर पुशरॉड लांब आहे, आणि सुटले नाहीत तर दोष पुढे, सिलिंडरमध्ये किंवा चाकांकडे, शोधावा.