सत्त्वाजीची पावती

ठाण्यातल्या आमच्या नौपाड्याच्या घरी महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी पाच माणसे जेवणाच्या टेबलाभोवती बसतात आणि रात्री अकरापर्यंत कुठल्याही नकाशात नसलेल्या एका खाडीत होड्या वल्हवतात. खेळाचे इंग्रजी नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, मराठीत त्याला रुळलेले नाव नाही. आम्ही त्याला नुसते ‘सेशन’ म्हणतो आणि शेजारच्या काकू ‘तुमचे ते फाशांचे’ म्हणतात. एकाने गोष्ट सांगायची, त्याला डीएम, म्हणजे ‘डंजन मास्टर’ म्हणायचे. बाकीच्यांनी त्या गोष्टीतले एकेक पात्र व्हायचे आणि एखादे धाडस साधेल की फसेल अशी शंका आली, की वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावायचा, एवढेच त्याचे मर्म. आमच्याकडे डीएम मी आहे. उरलेल्या चौघांत माझी धाकटी बहीण, तिचा नवरा, कॉलेजात शिकणारी आमची भाची आणि कासारवडवलीहून घोडबंदर रस्त्याची वाहतूक भेदून येणारा, म्हणून नेहमीच उशिरा पोहोचणारा एक दंतवैद्य आहे.

गेल्या साडेतीन वर्षांत ह्या चौघांसमोर मी बरेच काही उभे केले. बुडालेली देवळे झाली, बोलणारे मगर झाले, आणि एक ड्रॅगन झाला, ज्याची मूर्ती मी पदरचे पैसे घालून मागवली होती आणि ज्याला ह्या मंडळींनी चहा यायच्या आत मारले. आज त्यांतले काय आठवते असे विचारले, तर चौघेही एकच नाव घेतील. ते नाव सत्त्वाजी जकातदार.

सत्त्वाजी मुळात कोणीच नव्हता. दुसऱ्याच सेशनमध्ये होडी खाडीच्या तोंडाशी आली, तेव्हा तिथे काहीतरी असावे म्हणून मी एक जकात नाका ठेवला. ठाण्यात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात गावाची वेस म्हटले की नाकाच येतो. जकात गेली, पुढे २०२४च्या ऑक्टोबरात मुंबईच्या वेशीवर हलक्या गाड्यांचा टोलही बंद झाला, तरी रिक्षावाल्याला आपण अजून ‘चेकनाक्याला सोडा’ असेच सांगतो. तर त्या नाक्यावर मी एक कारकून बसवला. त्याचे काम दोन वाक्ये बोलून तीन चांदीची नाणी घेण्यापुरतेच होते. पण डीएमच्या आयुष्यातला एक अनुभव कधी चुकत नाही: ज्याचे नाव तुम्ही ठरवलेले नसते, नेमके त्याचेच नाव खेळाडू विचारतात. दंतवैद्याने विचारले, “नाव काय तुमचे?” माझी नजर टेबलावर फिरली, तिथे नाचणी सत्त्वाचा डबा होता.

एवढ्यावरही तो विसरला गेला असता. परंतु घरात सोसायटीचे एक जुने, अर्धे उरलेले पावतीपुस्तक पडून होते आणि मला त्या क्षणी काय सुचले कोण जाणे, मी कार्बन घालून तीन नाण्यांची रीतसर पावती लिहिली, खाली वळणदार ‘सत्त्वाजी’ अशी सही केली आणि ती फाडून त्यांच्या हातात दिली. लुबाडणाऱ्याने पावती द्यावी, ह्या गोष्टीचा त्या चौघांना इतका संताप आला, की पुढच्या दहा मिनिटांत सत्त्वाजी हातपाय बांधलेल्या अवस्थेत ओहोटीच्या चिखलात पडला होता. बहिणीच्या नवऱ्याने तलवार उपसली होती. भाचीने ती अडवली. “अगं मावशी, तो नोकरी करतोय बिचारा,” ती म्हणाली, आणि त्याला तसाच टाकून होडी पुढे गेली.

तीन सेशननंतर तो बाजारपेठेत भेटला. चिखलात एक पाय कायमचा अधू झालेला, कपडे मात्र स्वच्छ. त्याने आरडाओरडा केला नाही की शिपाई बोलावले नाहीत. त्याने पावतीपुस्तक काढले आणि दुसरी पावती फाडली: ‘दोर, एक नग, परत करणे बाकी.’ मला आठवते, टेबलावर क्षणभर शांतता होती आणि मग चौघे एकदम ओरडले. खलनायक जन्माला येतो तो त्या घडीला, असे मला वाटते. तोपर्यंत तो फक्त कागदावरचे आकडे असतो.

हा खेळ १९७४मध्ये अमेरिकेत छापला गेला तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या एक हजार प्रती काढल्या होत्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. गायगॅक्सचे गाव लेक जिनिव्हा नावाचे, म्हणजे आमच्या ठाण्यासारखे तेही तळ्याकाठचेच, हा योगायोग मला तलावपाळीवरून जाताना उगाचच सुखावतो. सुरुवातीच्या त्या वर्षांत खलनायक बहुधा शेवटच्या दालनात खजिन्यावर बसून राहायचा. खेळाडू दार फोडून आत येईपर्यंत त्याला दुसरा उद्योग नसे. १९८३मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन ह्या दाम्पत्याने ‘रेव्हनलॉफ्ट’ हे साहस, म्हणजे डीएमने खेळवायची तयार गोष्ट, लिहिले आणि त्यातला रक्तपिपासू सरदार स्ट्राड फॉन झारोविच ह्याला दालनातून बाहेर काढले. तो स्वतःच्या गढीत हिंडतो, मध्येच गाठतो, घाव घालून निसटतो. त्याचा हेतू काय आणि शेवटी तो कुठे सापडणार, हे खेळाच्या सुरुवातीला पत्ते काढून ठरवतात, म्हणून एका टेबलावरचा स्ट्राड दुसऱ्या टेबलावरच्या स्ट्राडसारखा वागत नाही. २०१६मध्ये त्याच गढीवर नवे, जाडजूड पुस्तक निघाले. चाळीस वर्षे उलटली तरी लोक त्याच्याशी वैर धरून आहेत.

त्याहून मजेदार ह्याच खेळातला दुसरा खलनायक, व्हेक्ना. खेळाच्या नियमांच्या १९७६च्या एका पुरवणीत तो पहिल्यांदा आला तेव्हा तो स्वतः नव्हताच. होता फक्त त्याचा एक हात आणि एक डोळा, दोन्ही शापित वस्तू म्हणून, आपला अवयव काढून त्या जागी बसवून घ्यायच्या. जॅक व्हान्स ह्या लेखकाच्या आडनावातली इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून ते नाव बनवले होते. बाकीचा व्हेक्ना त्या दोन अवयवांभोवती पुढे अनेकांनी मिळून उभा केला. खेळाडूंमध्ये एक किस्सा सांगतात, की एका टोळीने दुसऱ्या टोळीला फसवण्यासाठी ‘व्हेक्नाचे मस्तक’ सापडल्याची आवई उठवली आणि ते आपल्या धडावर बसवून घेण्यासाठी त्या शहाण्यांनी एकमेकांची डोकी उतरवली. खलनायक त्या गावीही नव्हता आणि तरी दोन मुडदे पडले.

सत्त्वाजीचेही असेच झाले. त्याला मोठा मी केला नाही, ह्या चौघांनी केला. नाक्याच्या वरच्या साहेबाला त्यांनीच मारले, जागा रिकामी झाली आणि सत्त्वाजीला बढती मिळाली. किल्लेदाराची बदनामी त्यांनीच केली, त्यामुळे हिशेबाचा स्वच्छ माणूस म्हणून दिवाणगिरी सत्त्वाजीकडे चालत आली. दर वेळी पावती होतीच: ‘एक साहेब, पोचला.’ बहीण त्या सगळ्या पावत्या मिठाईच्या डब्यात जपून ठेवू लागली. राग धरणे म्हणजे काय, ते मला त्या डब्याकडे बघून कळले.

आणि इथेच मी घाण केली. अकराव्या की बाराव्या सेशनमध्ये त्यांनी सत्त्वाजीला धक्क्यावर गाठले. डीएमसमोर पुठ्ठ्याचा एक पडदा असतो, त्यामागे तो आपले फासे टाकतो आणि आकडा तोंडाने सांगतो. होडीत उडी मारण्यासाठी मी सत्त्वाजीचा फासा टाकला. चार पडले. मी म्हणाले, “सतरा.”

सत्त्वाजी निसटला. बहिणीने माझ्याकडे पाहिले. लहानपणी मेंढीकोट खेळताना मी पान लपवले की माझा आवाज किंचित जाड होतो, हे तिला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. ती काही बोलली नाही. पण पुढच्या सेशनला सत्त्वाजी समोर आला तेव्हा कोणी डबा उघडला नाही, कोणी ओरडले नाही. भाची मोबाइल बघत म्हणाली, “मावशी, तो आता मरणारच नाही ना? मग आपण देवळाकडे जाऊ या.” साडेतीन वर्षांतला सर्वांत भयंकर वार तो होता. डीएमच्या कृपेने निसटलेल्या खलनायकाचा कोणाला राग येत नाही, राग डीएमचा येतो.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मला जरासंध आठवला. वारंवार परत येणारा शत्रू आपल्याला नवा नाही. आमच्या कुडाळकडच्या जत्रेत दशावताराच्या आरंभी काळ्या वेषातला, लाल जीभ बाहेर काढलेला संकासुर येतो, वेद चोरतो, सर्वांना हसवतो, विष्णूच्या हातून मरतो आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावच्या जत्रेत पुन्हा हजर होतो. पण संकासुराची गंमत निराळी, त्याच्या मरणाची वेळ ठरलेली असते. जरासंधाने मात्र सतरा वेळा मथुरेवर चाल केली आणि सतरा वेळा हरून परतला. भागवतात बलराम त्याला पकडून बांधू लागतो, तेव्हा कृष्ण त्याला सोडून देतो, कारण तो आणखी सैन्ये गोळा करून आणील. वाचताना मला हसू आले, कारण हा शुद्ध डीएमचा विचार आहे. मग मला वाटले, कृष्णाने केले ते चालते आणि मी केले ते का चालू नये? उत्तर त्याच कथेत होते. अठराव्या वेळी एकीकडून कालयवन आणि दुसरीकडून जरासंध आल्यावर कृष्णाला मथुरा सोडून द्वारकेला जावे लागले आणि रणछोड हे नाव कायमचे चिकटले. सोडून देण्याची किंमत सोडणाऱ्यानेच मोजली. मी काय मोजले होते? चाराचे सतरा केले आणि वर चहा प्यायले.

पुढच्या शनिवारी मी चौघांना खरा आकडा सांगितला आणि पुठ्ठ्याचा पडदा माळ्यावर टाकला. तेव्हापासून सत्त्वाजीचा फासा टेबलाच्या मधोमध पडतो आणि तो मी नाही, त्यांच्यापैकी एक जण पाळीपाळीने टाकतो. काही अनुभवी डीएम ह्याला मूर्खपणा म्हणतील. पडद्यामागे थोडी सफाई केल्याशिवाय गोष्ट रंगत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. आमच्या टेबलावर तरी उलटे झाले. शत्रूचा फासा स्वतःच्या मुठीत खुळखुळवताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते एकदा पाहावे. त्यानंतर तो तीनदा निसटला, त्यांपैकी दोनदा दंतवैद्याच्याच हातून, आणि दंतवैद्य दोन्ही वेळा आठवडाभर अस्वस्थ होता. डबा पुन्हा उघडला गेला.

गेल्या महिन्यात बाहेर धो धो पाऊस होता आणि आत ओहोटी. सत्त्वाजी आता साऱ्या खाडीचा मुखत्यार होता, पण मंडळींनी त्याला हुसकावत त्याच पहिल्या नाक्यावर आणले होते. अधू पाय, खाली चिखल, तीन हातांवर होडी. उडी साधायला अकरा किंवा त्याहून जास्त हवे होते आणि पाळी भाचीची होती. तिने फासा बराच वेळ मुठीत धरला. मग टाकला.

दोन पडले.

“मावशी, परत टाकू?” तिने अगदी हळू विचारले. मी काही बोलण्याआधी बहिणीचा नवरा म्हणाला, “नाही.” मग चिखलाने सत्त्वाजीला कसे घेतले ते मी सांगितले, फारसे न रंगवता. इतक्या वर्षांचा वैरी मेला होता आणि कोणी टाळी वाजवली नाही.

थोड्या वेळाने दंतवैद्याने पावतीपुस्तक ओढून घेतले, कार्बन घातला आणि औषधाच्या चिठ्ठीच्या अक्षरात लिहिले: ‘जकातदार, एक नग, पोचला.’ तारीख घातली. मग तो थांबला, कारण सहीच्या रेघेवर आजवर एकच नाव येत आले होते. “आता नाक्यावर कोण आहे?” त्याने मला विचारले. मी काही ठरवलेले नव्हते. भाचीने त्याच्या हातातले पेन घेतले.