घड्याळ नसलेल्या काळातला दिवस

अठराव्या शतकातील सामान्य मराठी माणसाच्या घरी घड्याळ नव्हते, आणि म्हणून त्याला वेळेची फारशी फिकीरही नसावी, असे पुष्कळांना वाटते. पेशवेकालीन मोडी पत्रे वाचू लागल्यापासून मला हा समज पटेनासा झाला आहे. फौज कधी निघाली, जासूद, म्हणजे पत्रे नेणारा माणूस, कधी पोहोचला, भेट कधी झाली हे सांगताना 'दीड प्रहर दिवस', 'चार घटका रात्र' असे उल्लेख त्या पत्रांत सहजपणे येतात. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला त्यांचा अर्थ नेमका कळत असे.

सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत साठ घटका आणि आठ प्रहर. आजच्या हिशोबाने घटका २४ मिनिटांची, तिची साठ पळे, आणि प्रहर सुमारे तीन तासांचा. मात्र दिवसाचे चार प्रहर सूर्याबरोबर लांबत आणि आखडत, कारण आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात दिवस सुमारे ३३ घटकांचा, तर थंडीत साडेसत्तावीस घटकांच्या आसपास असतो. घटका मोजण्याचे साधन म्हणजे घटिकापात्र. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायची. ती हळूहळू भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नघरी हे काम फार जोखमीचे मानले जाई. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टके चाललेली, आणि जोशीबुवांची नजर त्या वाटीवर खिळलेली. मुहूर्ताची घटका भरल्याशिवाय अंतरपाट दूर होत नसे.

रोजच्या व्यवहारात मात्र घरोघरी कोणी वाटी बुडवत बसत नसे, आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच, की त्या काळी वेळ ही एकट्याने जवळ बाळगण्याची गोष्ट नसून गावाने मिळून सांभाळण्याची गोष्ट होती. तिथी आणि नक्षत्र बलुतेदार जोशी सांगे. देवळातल्या पूजेची आणि वाजंत्रीची वेळ गुरव पाळी, त्यामुळे शिवारात असलेल्या माणसालाही दिवस किती चढला याचा अंदाज येई. पुण्यात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना ठरलेल्या वेळी वाजे, आणि रात्री तोफ झाली की रस्त्यावर विनाकारण हिंडणाऱ्यास कोतवालाची माणसे अडवीत.

घरातला दिवस याच्याही आधी, जात्यावर सुरू होई. पीठ दळून फार दिवस साठवण्याची रीत नव्हती, तेव्हा घरच्या भाकरीपुरते दळण बहुधा पहाटेच, दिवस उगवण्यापूर्वी, बायकांना दळावे लागे. कोंबडा आरवला, शुक्राची चांदणी वर आली, एवढ्या खुणांवर त्या उठत. ओव्यांचे आपण आज कौतुक करतो आणि ते योग्यच आहे, पण त्या ओव्यांमागे अंधारात उपसलेले कष्ट होते, हे विसरून ते कौतुक करू नये असे मला मनापासून वाटते. दिवसाच्या शेवटीही उजेडाचाच हुकूम चाले. दिव्याचे तेल तेल्याच्या घाण्यावरून येई आणि ते जपून वापरावे लागे, त्यामुळे साध्या घरांत जेवणे लवकर उरकली जात.

वर्षाचा हिशोब याहून गुंतागुंतीचा होता. सणवार आणि व्रते शालिवाहन शकाच्या चांद्र महिन्यांप्रमाणे चालत. शेतकरी पावसाळा मोजी तो मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशा नक्षत्रांनी, म्हणजे साधारण तेरा-चौदा दिवसांच्या टप्प्यांनी. बाजारहाट आठवड्याच्या वारावर. आणि सरकारी कागदावर शुहूर सन, ज्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात आला की, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, बदले. त्याचे आकडे अरबी शब्दांत आणि एककापासून चढत्या क्रमाने लिहीत: पानिपतची लढाई झाली ते वर्ष शक १६८२, आणि शुहूर सन 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. महिना आणि चंद्रतारीख मात्र मुसलमानी, रमजान किंवा जिल्हेज अशी. पेशव्यांच्या दफ्तरातला ब्राह्मण कारकून हे सारे एका ओळीत लिहून जाई, आणि त्याच संध्याकाळी घरी एकादशी पाळी. त्यात त्याला काही विसंगत वाटत असल्याची खूण कागदांत मला कोठे दिसत नाही.

ही व्यवस्था एका दिवसात मोडली नाही. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८४१ साली मराठी पंचांग छापले, आणि जोशीबुवांच्या तोंडून कळणारी तिथी विकत घेता येऊ लागली. पुढे १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, तेव्हा 'प्रहर दिवस आल्यावर' निघणाऱ्या माणसाला मिनिटे मोजणे भाग पडले. तरीही भारताची प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाल्यानंतर मुंबई शहराने तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.